चालू गाडीचे व्याही

त्यांना सगळे भिंगरीकाका म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने माणूस नीट पाहिला होता. एखाद्याच्या पायाला भिंगरी असते म्हणतात. काकांच्या ती सर्वांगाला होती. जेवताना गुडघा हलायचा, बोलताना बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरायचा, आणि केस कापायला बसले की न्हावी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून म्हणायचा, "काका, कान दोनच आहेत हो. जपू द्या मला."

अशा माणसाला धंदाही साजेसाच मिळाला होता. बेट लहान, आणि बाराही महिने सुट्टीवर आलेल्या माणसांनी गजबजलेलं. काका आपली पांढरी व्हॅन घेऊन धक्क्यावर उभे असायचे. बोटीतून उतरलेला पाहुणा बॅगा सांभाळत यायचा आणि हटकून तोच प्रश्न विचारायचा, "इथला सगळ्यात चांगला किनारा कोणता?"

"चांगला म्हणजे कुणाला?" काका विचारायचे.

बेटाच्या मधोमध डोंगर आहे. काकांचं घर डोंगराच्या मावळतीकडे. तिकडे तीन किनारे. एक लांब किनारा, तिथे लाटा उंच आणि पोहणारे तरणे. दुसरा शिंपल्यांचा, तिथे अनवाणी जाणारा लंगडत परत येतो. आणि तिसरा मुका किनारा. हा कड्याच्या पोटात दडलेला; लाट जवळजवळ नाहीच, आणि कड्यामुळे फोनलाही रेंज नाही. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला एकच किनारा, उगवतीचा. मैलभर पसरलेली पांढरी वाळू, उथळ पाणी, छत्र्या, खुर्च्या आणि सगळी सोय.

पाहुणा गाडीत कसा चढतो यावरून काका त्याचा किनारा ठरवत. जो धाडकन दार उघडून आधी स्वतः बसतो, तो लांब किनाऱ्याचा. जो आधी बायकोकडे बघतो, तो उगवतीचा. हे शास्त्र दर वेळी बरोबर यायचं असं नाही. एकदा एका नव्या जोडप्याला त्यांनी मोठ्या प्रेमाने मुक्या किनाऱ्यावर सोडलं. तिथे दुसरा कसलाच आवाज नसल्याने त्या दोघांना एकमेकांचं सगळं बोलणं स्पष्ट ऐकू आलं, आणि परत येताना एक जण पुढे बसला, एक मागे.

बेटावरच्या माणसांच्या बोलण्यात एक शब्द सतत यायचा, तो म्हणजे 'पलीकडे'. "कुठे निघालास?" "पलीकडे." एवढ्यावर भागायचं. डोंगर ओलांडून जायचं ते पलीकडे. पलीकडे म्हणजे कुठे, असं विचारणारा माणूस बोटीतून नुकताच उतरलेला समजावा.

काकांना एकच मुलगी. लहानपणी शाळेला सुट्टी असली की ती व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसायची आणि पाहुण्यांच्या आधीच ओरडायची, "बाबा, आज पलीकडे!" तिला उगवतीचा किनारा आवडायचा. पाहुणे पाण्यात गेले की बापलेक छत्र्यांची रांग संपते त्या शांत टोकाला, एका पालथ्या होडीवर बसायची. म्हणजे ती बसायची. काका होडीभोवती फेऱ्या घालायचे.

पुढे तिने लग्नही तिकडच्याच मुलाशी केलं. जावई पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवतो आणि त्याची आई उगवतीच्या किनाऱ्यामागच्या गल्लीत लहानसं लॉज चालवते. "लहानपणापासून पलीकडे पलीकडे करत होती," काकांची बायको म्हणाली, "गेली एकदाची."

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात काका पाहुणे घेऊन जवळजवळ रोज त्या बाजूला गेले. लॉजच्या फाटकाशी गाडी उभी करायचे, हॉर्न द्यायचे आणि बायकोने दिलेला डबा नाहीतर पिशवी खिडकीतून लेकीच्या हातात द्यायचे. आत या म्हटलं की ठरलेलं उत्तर, "नको नको, गाडी चालू आहे." आणि ती खरंच चालू असायची, धडधडत.

विहीणबाई विनोदी होत्या. त्यांनी काकांचं नाव ठेवलं, चालू गाडीचे व्याही. कुणी भेटलं की सांगायच्या, "आमचे व्याही फार चालू आहेत हो," आणि स्वतःच खो खो हसायच्या.

काका गाडी बंद का करत नव्हते? गाडी बंद केली की उतरावं लागतं. उतरलं की बसावं लागतं. आणि त्या घरात पाहुण्यासारखं समोरच्या खोलीत बसलं, कपबशी हातात घेतली, की मग लेक खरोखरच त्या घरची झाली. अर्थात हे काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःला तर मुळीच नाही.

सोमवारी लेकीचा फोन आला.

"बाबा, बुधवारी मला सुट्टी आहे. गाडीवर पाहुणे घेऊ नका. नुसते या."

"कुठे?"

"पलीकडे. शांत जागी, तुम्हाला ठाऊक आहे. आपण दोघंच, आईलाही नको. तासभर बसू."

"काही झालंय का?"

"काही झालं तरच यायचं असतं का?" ती म्हणाली. "बाबा, दीड वर्षात तुम्ही माझ्याबरोबर एकदाही बसला नाहीत. या वेळी टांग मारलीत ना, तर मी पुन्हा बोलावणार नाही. रागाने म्हणत नाहीये मी."

रागाने म्हणाली असती तर काकांना बरं वाटलं असतं. लेकीचा राग त्यांना ओळखीचा होता. त्याच्यावर इलाज होते. हा शांत आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता.

मंगळवार सरला नाही, त्यांनी तो ढकलला. गाडी धुतली. वाळल्यावर पुन्हा धुतली. मागच्या चाकातली हवा बघितली, मग पुढच्या. आरसा पुसला, त्यात स्वतःचा चेहरा दिसल्यावर दाढी करायला आत गेले आणि अर्धी करून बाहेर आले, कारण गाडीचं दार लावलं की नाही ते आठवत नव्हतं.

"अहो," बायको म्हणाली, "लेकीला भेटायला जायचंय, परीक्षेला नाही. जरा एका जागी बसा."

"बसलोच आहे की."

"तुम्ही बसलात की आपल्या घरातल्या खुर्च्या घाबरतात."

बुधवारी सकाळी ते निघाले. सरळ डोंगराचा रस्ता धरायचा सोडून गाडी आपसूक धक्क्यावर गेली. नुसतं वारा कुठला आहे ते बघायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बोट नुकतीच लागली होती. एक चष्मेवाला गृहस्थ, त्याची बायको आणि सासू, अशी तिघं थेट त्यांच्या गाडीशी आली.

"आज गाडी बंद आहे," काका म्हणाले.

"चालू तर दिसतेय," सासूबाई म्हणाल्या आणि चढून बसल्याही.

चष्मेवाल्याने फोन पुढे धरला. "यात लांब किनाऱ्याला साडेचार तारे आहेत. तिकडेच घ्या."

"ताऱ्यांचं काय करायचंय?" सासूबाई मागून म्हणाल्या. "आपण दिवसा चाललोय."

"आई, यांना लाटा बघायच्यात."

"बघू दे की. मला स्वच्छ संडास हवा. बाकी समुद्र काय, सगळीकडे ओलाच असतो."

"आणि मला सावली," बायको म्हणाली. "मागच्या वर्षी यांच्या लाटांपायी माझं नाक सोललं होतं."

एरवी असं भांडण काकांना मेजवानीसारखं वाटायचं. आज त्यांचं लक्ष नव्हतं. उगवतीचा किनारा, सावली आहे, संडास आहे, आणि वारा असला तर लाटासुद्धा येतील, असं एका दमात सांगून त्यांनी गाडी काढली. आपण पाहुणे घेतले असं नाही, ते मनात म्हणाले, वाटेत जाताना सोडले. डोंगराच्या वळणावळणावर ते हेच वाक्य घोळवत राहिले, पण लेकीच्या समोर ते कसं ऐकू येईल याचा त्यांना काही केल्या अंदाज येईना.

उगवतीच्या किनाऱ्यावर तिघांना उतरवलं. सासूबाई सोयीच्या दिशेने गेल्या, बायको सावलीच्या आणि चष्मेवाला पाणी किती सपाट आहे ते बघत उभा राहिला. काका झपाझप वाळूतून छत्र्यांच्या रांगेच्या टोकाला गेले.

पालथी होडी तिथे नव्हती. ती कधी हलवली कोण जाणे. रोज येऊनही ते या टोकाला कित्येक वर्षांत आले नव्हते. होडीच्या जागी निळ्या खुर्च्या मांडल्या होत्या. लेक नव्हती.

लवकर आलो असेन, म्हणून ते एका खुर्चीवर टेकले. उठले. पाण्यापर्यंत जाऊन आले. पुन्हा टेकले. फोन लावला तर तोच तो बाईचा आवाज, आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता ते आता उपलब्ध नाहीत. छत्रीवाल्याला विचारलं.

"तुमची लेक? आज नाही दिसली," छत्रीवाला म्हणाला. "पाहुण्यांना आणलंत वाटतं? सासू भारी आहे. माझ्या छत्रीची सावली वाकडी पडते म्हणाली."

आणि काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाहुणे! लेक आलीच असणार. गल्लीच्या तोंडाशी उभी असणार, गाडी दिसली म्हणून हसली असणार, आणि मग गाडीतून एकामागून एक तिघं उतरताना तिने पाहिली असणार. म्हणून फोन बंद. नुसते या, एवढं एकच तर तिने मागितलं होतं.

त्यांनी बायकोला फोन केला.

"ती आली नाही गं."

"ती वेळ चुकवणारी पोरगी नाही. तुम्ही कुठे आहात?"

"पलीकडे."

"मग बरोबर आहात की. थांबा थोडं. आणि अहो, फेऱ्या मारू नका, इथे वाळूचा आवाज येतोय."

ते थांबले. म्हणजे त्यांच्या परीने थांबले; निळ्या खुर्च्यांभोवती वाळूत एक वाट पडली. ऊन वर चढलं. आधी ते लेकीला काय सांगायचं ते ठरवत होते, मग लेक काय म्हणेल ते ठरवू लागले, आणि शेवटी ती काहीच म्हणणार नाही असं त्यांच्या मनाने घेतलं. तो सोमवारचा शांत आवाज पुन्हा पुन्हा कानात यायला लागला, तसे ते उठले आणि गाडी घेऊन लॉजवर गेले.

फाटकाशी गाडी उभी केली. सवयीने चालूच ठेवली. अंगणात दोरीवर चादरी वाळत होत्या. दोन चादरींच्या मधून विहीणबाईंचं डोकं बाहेर आलं.

"या, व्याही. आज हॉर्न नाही?"

"विहीणबाई, ती कुठे आहे? रागावून आत बसलीय का?"

"आत कशाला बसेल? तुम्हाला भेटायला गेली ना सकाळीच. पलीकडे."

"मी पलीकडेच होतो! सकाळपासून!"

"छे! तुम्ही अलीकडे होतात. मघाशी तुमची गाडी इथून गेली, मी म्हटलं, पाहुणे सोडून जातील मागोमाग."

"हे पलीकडे," काकांनी किनाऱ्याकडे हात केला.

"हे अलीकडे," विहीणबाईंनी त्याच किनाऱ्याकडे हात केला. "पलीकडे म्हणजे तुमच्याकडे. तो तुमचा मुका किनारा नाही का? तिथे फोन वाजत नाही म्हणून मुद्दाम तोच निवडला पोरीने. म्हणाली, फोन नाही वाजला तर बाबा पळणार नाहीत."

किल्ल्यांचा जुडगा गाडीत होता, तरी काकांची बोटं फिरत होती. लहानपणापासून जी पोरगी या किनाऱ्याला पलीकडे म्हणत आली, तिचं पलीकडे डोंगर ओलांडून तिकडे गेलं होतं. कधी गेलं? रोज गाडी घेऊन येत होतो आपण, हे बघितलंच नाही.

मग एकदम त्यांच्या अंगात वारं शिरलं. "निघतो मी!" ते गाडीत बसले.

एवढ्या भारी अंगाची बाई इतकी चपळ असेल असं कुणाला वाटलं नसतं. विहीणबाईंनी खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. गाडी बंद पडली. किल्ली त्यांनी कमरेला खोचली.

"अहो, हे काय?"

"डोकं चालवा जरा, गाडी पुष्कळ चालवलीत. तुम्ही डोंगरावरून निघालात आणि ती समुद्राच्या रस्त्याने बसने निघाली, तर? ती इथे, तुम्ही तिथे. मग ती तिकडे, तुम्ही इकडे. दिवसभर शिवाशिवी खेळणार आहात का? कुणीतरी एकाने जागेवर राहायला हवं."

"मग ती राहील की तिथे."

"ती?" विहीणबाई हसल्या. "ती लेक कुणाची? जेवताना तिचा गुडघा बघितलाय का तुम्ही? ती एव्हाना निघालीसुद्धा असेल. तेव्हा तुम्हीच बसा."

असे भिंगरीकाका लेकीच्या घरात पहिल्यांदा शिरले.

समोरची खोली लहान होती, थंड फरशीची. एका भिंतीला पाहुण्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या टांगलेल्या, खाली इस्त्रीच्या चादरींचा ढीग. खिडकीत लेकीचे शिंपले. लहानपणी ती बरण्यांत भरून ठेवायची तेच, आता ओळीने मांडलेले. आणि खिडकीपाशी एक डुलती खुर्ची, वेताची, हाताशी जरा घासलेली.

काका एका साध्या स्टुलावर बसायला लागले.

"तिथे नाही," विहीणबाई म्हणाल्या. "ती तुमची खुर्ची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आणलीय तिने. मी म्हटलं, हलणारी कशाला, चांगली दणकट आणू. तर म्हणाली, नाही आई, न हलणाऱ्या खुर्चीवर बाबा टिकणार नाहीत. दीड वर्ष पाहुणेच डुलतायत तिच्यावर."

काका खुर्चीवर बसले. खुर्ची मागे गेली, पुढे आली. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, सोडले. विहीणबाईंनी एक पसरट भांडं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेंगांची पिशवी पुढे केली. "सोला. रिकाम्या हाताने तुम्ही माझी खुर्ची मोडाल."

ते शेंगा सोलत बसले. फाटकावर काही वाजलं की उठायला जात, दाणे घरंगळत, विहीणबाई नुसतं कमरेच्या किल्लीवर हात ठेवत, आणि ते परत बसत. एकदा बस गेली, थांबली नाही. एकदा एक पाहुणा साबण मागायला आला. ती येईल का? रागावून आईकडे तर गेली नसेल? ती तिथे, मुक्या किनाऱ्यावर, एकटी बसून काय काय समजली असेल? बाबांनी शेवटी टांग मारलीच, हेच ना? भांडं भरत आलं तरी काकांची नजर फाटकावरून हलेना.

ऊन अंगणातून भिंतीवर सरकलं तेव्हा फाटकाबाहेर पावलं वाजली. पावलं भरभर आली आणि एकदम थांबली. खिडकीतून काकांना दिसलं. लेक गाडीसमोर उभी होती. पायांना सुकलेली वाळू, हातात चपला, चेहरा रडून झाल्यासारखा. तिने गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला, नीट, एखाद्याचा ताप बघावा तसा.

मग ती आत आली.

"बॉनेट थंड आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे केव्हापासून?"

"बराच वेळ झाला," विहीणबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "व्याही बंद पडलेत आमचे. मी काही केलं नाही!"

लेकीने शेंगांच्या भांड्याकडे बघितलं, जमिनीवर सांडलेल्या दाण्यांकडे बघितलं.

"मी तिकडे वाट बघत होते, बाबा."

"मी इकडे. निळ्या खुर्च्यांपाशी. होडी होती तिथे." काकांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "तू याला पलीकडे म्हणायचीस ना."

"तेव्हा मी तिकडे राहत होते, बाबा."

हे तिने समजावून सांगितल्यासारखं सांगितलं नाही, नुसतं म्हणाली. काकांनी मान हलवली. एक शेंग उचलली, ती रिकामी निघाली.

"आणखी एक आहे," ते म्हणाले. "मी पाहुणे आणले. तिघं. घेऊ नका म्हणाली होतीस. ते किनाऱ्यावर आहेत, त्यांना न्यायचंय संध्याकाळी."

लेक बघत राहिली. काकांना वाटलं, आता तो शांत आवाज येणार.

"कुठला किनारा दिलात?"

"उगवतीचा. सासूबाई आहेत बरोबर."

"मग बरोबर दिलात," ती म्हणाली, आणि चपला दाराशी ठेवून तिथेच उंबऱ्यावर बसली, त्यांच्याकडे तोंड करून. "संध्याकाळपर्यंत बसतील सुखाने छत्रीखाली. मीही येते मग गाडीतून, पुढे बसून."

"बरं, काय बोलायचं होतं तुला?"

"बोलायचं असं काही नव्हतं. बसायचं होतं."

मग ती दोघं बसली. विहीणबाईंनी चहा आणून ठेवला आणि कधी नव्हे ते काही न बोलता परत गेल्या. बाहेर चादरी वाऱ्याने फडफडत होत्या. काकांच्या खिशात फोन वाजायला लागला. चष्मेवाला असेल, लाटांची तक्रार असेल. काकांचा हात खिशापर्यंत गेला, तिथे थोडा घुटमळला आणि परत शेंगांवर आला. फोन आपोआप थांबला, मग पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. उंबऱ्यावर लेकीचा गुडघा हलत होता, तिच्या लक्षातही नव्हतं. खुर्ची करकरत होती, करकरत होती, जरा जास्तच जोरात.

"बाबा," ती म्हणाली, "एक मिनिट हलू नका ना."

"मी कुठे हलतोय?" काका म्हणाले. "खुर्ची हलतेय."